‘बेताने खा’ म्हणजे किती? : मात्रा, मित, सम व युक्त या शब्दांचा विचार

आहारविषयक सल्ल्यात अलीकडे एक इंग्रजी शब्द सर्वत्र ऐकू येतो, तो म्हणजे ‘मॉडरेशन’. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरे, रुग्णालयांतून मिळणारी आहारपत्रके, इतकेच नव्हे तर आपल्या वैद्यमंडळींचे बोलणे, या सर्वांत तो रुळला आहे. मराठीत त्याचे भाषांतर कोणी ‘संयम’ असे करतो, कोणी ‘मितता’, ‘परिमितता’, ‘माफकपणा’ किंवा ‘मध्यम मार्ग’ असे. प्रत्यक्ष रुग्णाशी बोलताना मात्र या सर्वांचा मिळून एकच शब्द उरतो : ‘बेताने’. सगळे खा, पण बेताने. रुग्ण मान डोलावतो आणि घरी जातो. महिन्याने रक्तशर्करा वाढलेली आढळते, तेव्हा तो प्रामाणिकपणे सांगतो की आपण सर्व काही बेतानेच घेतले. तो खोटे बोलत नसतो. बेत त्याने आपल्या परीने केलेला असतो. तो कशाच्या आधारे करावा हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत लेखात या शब्दाचे अर्थ, त्याचे मराठी पर्याय आणि आपल्या संहितांनी त्या जागी योजिलेले शब्द यांचा विचार आम्ही करणार आहोत. कोशातील पर्याय जुळवून दाखविणे हा हेतू नाही. वैद्याच्या तोंडून निघालेला शब्द रुग्णाच्या ताटात आणि औषधविक्रेत्याच्या हातून निघालेले माप रुग्णाच्या कोठ्यात जाते. म्हणून येथे शब्द सैल राहिला तर चिकित्साही सैल राहते.

शब्दाचे मूळ

‘मॉडरेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘मोडुस’ म्हणजे माप या शब्दापासून आला आहे. भाषाशास्त्रज्ञ या ‘मोडुस’चे नाते ज्या धातूशी लावतात, त्याच धातूपासून लॅटिनमधील बरे करणे या अर्थाचे क्रियापद आणि पुढे ‘मेडिसिन’ हा शब्द निघाला. माप ठरविणे आणि रोग बरा करणे ही दोन कामे त्या भाषेतही मुळात एकाच घरची होती. आपल्याकडील ‘मात्रा’ शब्दही मोजणे या अर्थाच्या ‘मा’ धातूपासूनच सिद्ध होतो. म्हणजे मूळ अर्थ पाहता ‘मॉडरेशन’मध्ये ‘कमी’ असा भाव नाही, ‘मापून’ असा आहे.

याच अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द ‘टेंपरन्स’. त्याच्या मुळाशी योग्य प्रमाणात मिसळणे ही कल्पना आहे, आणि ‘टेंपरामेंट’ म्हणजे प्रकृती हा शब्दही तिथलाच. पाश्चात्त्यांच्या जुन्या वैद्यकात शरीरातील चार द्रवांचे मिश्रण म्हणजे प्रकृती, अशी समजूत होती. परंतु या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८२६ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे ‘अमेरिकन टेंपरन्स सोसायटी’ स्थापन झाली. आरंभी तिचा रोख ऊर्ध्वपातित, तीव्र मद्यांवर होता. थोड्याच वर्षांत चळवळीची मागणी मद्याच्या संपूर्ण त्यागापर्यंत पोहोचली आणि प्रमाण दाखविणारा शब्द वर्ज्य दाखविणारा झाला. मद्याच्या बाबतीत ते योग्य झाले की नाही हा प्रश्न निराळा. प्रमाणवाचक शब्द निषेधवाचक होण्याकडे ओढला जातो, एवढे येथे ध्यानात घ्यावयाचे.

मराठीतील पर्याय

आपल्या भाषेतही हेच घडले आहे. ‘पथ्य’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ जे स्रोतसांना अपकारक नाही आणि मनास प्रिय आहे ते. म्हणजे जे घ्यावयाचे ते. आज रुग्ण “पथ्य काय?” असे विचारतो तेव्हा त्याला काय खाऊ नये याची यादी हवी असते, आणि बहुतेक वेळा आपणही तीच देतो. पथ्याने अपथ्याची जागा घेतली आहे. ‘संयम’ शब्दाची गतही तशीच. त्यात नियमनाचा भाव आहे, पण सामान्य माणसास तो उपवास, ब्रह्मचर्य किंवा गिळलेला राग यांचाच वाचक वाटतो. म्हणून आहाराच्या सल्ल्यात ‘संयम ठेवा’ असे सांगणे आम्हांस पसंत नाही. रुग्ण दोन दिवस उपाशी राहतो आणि तिसऱ्या दिवशी त्याची भरपाई करतो.

‘नेमस्त’ हा जुना, चांगला शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला. काँग्रेसमधील १९०७ च्या सुरत येथील फुटीच्या इतिहासात गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पक्षाला ‘नेमस्त’ किंवा ‘मवाळ’ म्हटलेले आपण वाचतो, तेवढाच त्याचा परिचय उरला आहे. त्यात ‘नेम’ आहे, म्हणजे ठरवून घेतलेली मर्यादा आहे. ‘मवाळ’मध्ये ती नाही, तेथे केवळ सौम्यपणा आहे.

‘माफक’ शब्दाकडे मात्र वैद्यांनी अवश्य लक्ष द्यावे. तो अरबी ‘मुवाफिक’ या शब्दावरून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ अनुकूल, जुळणारा, मानवणारा असा आहे. आज आपण ‘माफक दर’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘फार नाही इतका’ असा झाला आहे; पण मुळातला प्रश्न ‘किती?’ हा नव्हता, ‘कोणास मानवेल इतके?’ हा होता. परकीय वाटणारा हा शब्द आपल्या सात्म्याच्या कल्पनेस ‘संयम’पेक्षा अधिक जवळचा आहे, असे आमचे मत आहे.

आणि ‘मात्रा’? महाराष्ट्रात या शब्दाने वेगळेच वळण घेतले. हेमगर्भाची मात्रा सहाणेवर मधात उगाळून चाटवणे हे जुन्या घरांतून सर्वांनी पाहिलेले किंवा ऐकलेले आहे. येथे ‘मात्रा’ म्हणजे प्रमाण नव्हे, ते औषधच. तेही आणीबाणीचे आणि अल्प प्रमाणात काम करणारे. ‘मात्रा लागू पडली’, ‘कोणाची मात्रा चालेना’ हे वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाले. माप दाखविणारा शब्द वस्तूला चिकटला तो तिच्या मापातच तिचे सामर्थ्य होते म्हणून.

संहितांतील ‘मात्रा’

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय ‘मात्राशितीय’ या नावाचा आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायाचे नावही तेच. दोन्ही ग्रंथकारांना एका अध्यायास या एका शब्दावरून नाव द्यावेसे वाटले. चरकाचार्यांचे पहिलेच प्रतिपादन असे की आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असते. जेवढे अन्न खाल्ले असता प्रकृतीस बाधा न आणता यथाकाल पचते, तेवढी त्या व्यक्तीची मात्रा. पोळ्यांची संख्या दिलेली नाही, वाटीचे माप दिलेले नाही. मोजमाप अन्नाच्या बाजूने नसून पचविणाऱ्याच्या बाजूने आहे.

द्रव्याचा विचार त्यानंतर येतो. गुरु द्रव्ये तृप्तीच्या तिसऱ्या भागापर्यंत किंवा अर्ध्या तृप्तीपर्यंत घ्यावीत. लघु द्रव्येही अतितृप्तीपर्यंत घेऊ नयेत. येथे रुग्णांचा एक नेहमीचा गैरसमज दूर करता येतो. मुगाची खिचडी हलकी म्हणून ती पोटभर, दोनदा वाढून घेणारे लोक आपण पाहतो. लघुत्वाने मात्रेचा विचार संपत नाही.

कुक्षीच्या विभागाविषयी दोन आचार्यांच्या सांगण्यात जो फरक आहे तो परीक्षेसाठी पाठ केला जातो आणि पुढे विसरला जातो. विमानस्थानातील ‘त्रिविधकुक्षीय’ अध्यायात चरकाचार्य तीन भाग कल्पितात : एक मूर्त आहाराचा, एक द्रवाचा आणि एक वात-पित्त-कफांचा. वाग्भटाचार्य चार भाग करतात आणि त्यांपैकी दोन अन्नास, एक पेयास व एक वातादींच्या संचारास देतात. हिशेब केला तर घन अन्नास एकीकडे तृतीयांश आणि दुसरीकडे अर्धा वाटा मिळतो. यात विरोध शोधण्याचे कारण नाही. दोघांनाही जागा रिकामी ठेवावयाची आहे, आणि ती रिकामी जागा हाच येथील महत्त्वाचा भाग. हठप्रदीपिकेत ‘मिताहार’ सांगताना चौथा भाग वगळण्याचा जो निर्देश आहे, त्याचाही आशय हाच.

पण पोटाचा तिसरा किंवा चौथा हिस्सा भरला हे रुग्णाने ओळखावे कसे? त्याच अध्यायात याचे उत्तर आहे, आणि आमच्या दृष्टीने संपूर्ण विषयातील हा सर्वांत उपयोगी भाग होय. मात्रेने खाल्ल्याची लक्षणे तेथे दिली आहेत. कुक्षीवर दाब येत नाही, हृदयाच्या ठिकाणी अडल्यासारखे वाटत नाही, कुशी ताणल्या जात नाहीत, पोट फार जड होत नाही. इंद्रिये प्रसन्न होतात, भूक व तहान शमते. उभे राहणे, बसणे, निजणे, चालणे, श्वास घेणे, हसणे आणि बोलणे ही सर्व सुखाने होतात. सायंकाळी व सकाळी अन्न सुखाने जिरलेले असते. यातील एकही लक्षण ओळखण्यासाठी वैद्य लागत नाही. जेवून उठल्यावर वाकून चप्पल घालताना दम लागतो का, पलंगावर आडवे झाल्यावर घशाशी येते का, हे रुग्ण स्वतः सांगू शकतो. ‘बेताने खा’ या दोन शब्दांऐवजी यांपैकी दोन लक्षणे सांगावीत; रुग्णाच्या हाती लगेच माप येते.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांत ‘राशी’ हे एक आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण. परिग्रह म्हणजे त्यातील एकेका पदार्थाचे प्रमाण. लेखाच्या आरंभी ज्या मधुमेही रुग्णाचा उल्लेख केला त्याचे कोडे येथे सुटते. दिवाळीच्या फराळात त्याने अर्धी करंजी घेतली, एकच शंकरपाळे, चमचाभर चिवडा, लाडवाचा तुकडा, आणि हे चार घरी. परिग्रह प्रत्येक वेळी निर्दोष होता. सर्वग्रहाचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता. ‘सगळे थोडे थोडे’ हा सल्ला देणाऱ्याने हा भेद मनात ठेवला पाहिजे.

स्नेहाची मात्रा हे याच विचाराचे दुसरे उदाहरण. सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात ती वजनाने नव्हे, तर काळाने सांगितली आहे : अहोरात्रात जिरणारी ती उत्तम, संपूर्ण दिवसात जिरणारी मध्यम, अर्ध्या दिवसात जिरणारी ह्रस्व. एका रुग्णाची उत्तम मात्रा दुसऱ्याच्या मध्यम मात्रेइतक्या वजनाची असू शकते. ‘मध्यम’ म्हणजे मोजपट्टीवरील मधला आकडा नव्हे, हे या एका उदाहरणावरून विद्यार्थ्यांस चांगले समजावता येते. ह्रस्व स्नेहमात्रेइतका जो बस्ती देतात त्यालाच मात्राबस्ती हे नाव पडले.

सम, समाशन आणि समशन

‘सम’ हा शब्द ‘मॉडरेशन’ला प्रतिशब्द म्हणून अनेक लेखांत दिसतो. समदोष, समाग्नी, समयोग या शब्दांत तो शोभतो. तेथे तो विषमतेचा अभाव दाखवितो. पण समाग्नी म्हणजे तीक्ष्ण व मंद यांच्या मधला अग्नी, असे समजणे चूक. चरकाचार्यांनी समाग्नीची ओळख अशी दिली आहे की अपचार झाला तर तो बिघडतो आणि न झाला तर प्रकृतिस्थ राहतो. तीक्ष्णाग्नी मात्र अपचारही सहन करतो. ‘मला काहीही पचते’ असे अभिमानाने सांगणारा मनुष्य समाग्नीचा नव्हे, हे त्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.

याहून मोठा घोटाळा ‘समशन’ या शब्दाचा आहे. नवीन लिखाणात तो ‘संतुलित आहार’ अशा अर्थाने योजिलेला आढळतो. संहितेत त्याचा अर्थ नेमका उलट आहे : पथ्य व अपथ्य एकत्र करून खाणे ते समशन, आणि त्याची गणना दोषावह आहारात आहे. येथे ‘सम’ हे विशेषण नसून ‘सम्’ हा एकत्रीकरण दाखविणारा उपसर्ग आहे. संतुलित आहार म्हणावयाचा असेल तर ‘समाशन’ लिहावे लागेल. एका कान्याने पथ्याचे अपथ्य होते. आपल्या आहारपत्रकांच्या मुद्रितशोधनात ही गोष्ट पाहावी. ग्रहणीचिकित्सेत समशनाबरोबरच विषमाशन व अध्यशन सांगितले आहेत. विषमाशनाच्या व्याख्येत फार खाण्याबरोबर फार थोडे खाणे आणि अवेळी खाणे हेही आहे, ही गोष्ट वजन उतरविण्याच्या मागे लागलेल्या आजच्या तरुण रुग्णांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

युक्त

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील ‘युक्ताहारविहार’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा. ‘युक्त’ म्हणजे जोडलेले, जुळविलेले. आयुर्वेदात मात्रा आणि काळ यांचा आश्रय करून असलेली ती युक्ती, आणि चिकित्सेचे यश तिच्यावर अवलंबून. मात्रेला ‘किती’ आणि ‘कोणास’ यांच्याबरोबर ‘केव्हा’ व ‘कशाबरोबर’ हेही जोडले की ती युक्ती होते.

पिंपळीचे उदाहरण याबाबतीत फार बोलके आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिउपयोग करू नये असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात रसायनपादात वर्धमान पिप्पलीचा प्रयोग आहे. रोज दहा पिंपळ्या वाढवीत दहाव्या दिवशी शंभरापर्यंत जावयाचे, पुन्हा त्याच क्रमाने उतरावयाचे, अनुपान दूध. एकोणीस दिवसांत बरोबर एक सहस्र पिंपळ्या होतात. बल कमी असणाऱ्यांसाठी सहाचा व तीनचा क्रम आहे; बलवानास वाटून, मध्यमबलास काढा करून आणि दुर्बलास शीत करून, असा कल्पनाभेदही आहे. ज्या द्रव्याचा अतियोग निषिद्ध, तेच एका दिवसात शंभर! ‘मॉडरेशन’ म्हणजे ‘थोडेसे’ असे मानणाऱ्यास हे कोडेच वाटेल. पण येथे चढण आहे, उतरण आहे, अनुपान आहे, अवधी आहे आणि अधिकारी रुग्ण आहे. तेथील निषेध विनाविचार, नित्य सेवनाचा आहे. अर्थात या आकड्यांचा उपयोग आज कोणी ग्रंथ वाचून परस्पर करू नये. पिंपळीचे बल आणि रुग्णाचे बल दोन्ही पाहणाऱ्या अनुभवी वैद्याचेच ते काम आहे.

लवणाविषयी बोलताना आचार्य बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर या देशांतील लोकांचे उदाहरण देतात. ते दुधाबरोबरही मीठ खात. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांसाठी मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. आपल्याकडील लोणचे, पापड, ठेचा आणि शेवफरसाण यांचा हिशेब केला तर ही मर्यादा भाजीत मीठ पडण्यापूर्वीच संपत येते.

एका बाबतीत मात्र ‘बेताने’ हा शब्द वैद्याने उच्चारूच नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. मदात्ययचिकित्सेत विधी, मात्रा, काल व हितकर अन्न यांसह घेतलेल्या मद्याची प्रशंसा आहे, आणि तिचा आधार घेऊन ‘थोडी चालते ना?’ असे विचारणारे रुग्ण भेटतात. त्याच प्रकरणात अन्नही अयुक्तीने घेतले तर प्राण घेते असे म्हटले आहे. तो भाग कोणी आठवत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. संहिताकारांना कर्करोगाशी असलेला मद्याचा संबंध मोजण्याची साधने नव्हती; आपल्याजवळ ती आहेत. युक्तीत कालाचा विचार येतो, तसा उपलब्ध ज्ञानाचाही यावयास हवा.

व्यायामाविषयी थोडक्यात. सुश्रुताचार्यांनी बलार्ध, म्हणजे अर्ध्या शक्तीने व्यायाम सांगितला आणि हृदयस्थ वायू मुखाशी येणे हे त्याचे लक्षण दिले. तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे, एवढे सांगितले म्हणजे ‘माफक व्यायाम करा’ यापेक्षा पुष्कळ अधिक सांगितले जाते.

औषधालयाच्या फळीवर

औषधाच्या बाबतीत चरकाचार्यांनी दोन दृष्टान्त दिले आहेत : मोठ्या आगीवर थोडे पाणी ओतून ती विझत नाही, आणि पिकास फार पाणी दिले तर ते कुजते. ‘आयुर्वेदिक आहे, जास्त घेतले तरी काय होणार?’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास दुसरा दृष्टान्त, आणि भीतीने अर्धी गोळी घेणाऱ्यास पहिला सांगता येतो.

च्यवनप्राशाच्या डब्यावर एक किंवा दोन चमचे असे छापलेले असते. चरकाचार्यांनी त्याची मात्रा अशी सांगितली की जिने भोजनास अडथळा होणार नाही. च्यवनप्राश घेतल्यावर ज्या मुलाची सकाळची भूक मरते, त्याची मात्रा, डब्यावर काहीही लिहिलेले असो, अधिक झाली आहे. विक्रेत्याने एवढे एक वाक्य डबा देताना सांगितले तरी पुष्कळ काम होते.

चमचा हे माप नव्हे. घरोघरी चहाचे चमचे लहानमोठे असतात, आणि चूर्णाचा सपाट चमचा व शिगोशीग चमचा यांत सहज दीडपट-दुपटीचा फरक पडतो. आसवारिष्टांसाठी मापाचे टोपण द्यावे व मिलिलिटरमध्ये लिहावे. चूर्णासाठी पत्रावर ग्रॅम लिहून, ग्राहकासमोर एकदा तोलून ‘आपल्या चमच्याने एवढे’ असे दाखवावे. जुन्या पाठातील कर्ष, पल ही मापे वापरणाऱ्या वैद्यांनी आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियामध्ये स्वीकारलेली रूपांतरे, म्हणजे गुंज १२५ मिलिग्रॅम, कर्ष १२ ग्रॅम व पल ४८ ग्रॅम, तीच वापरावीत. प्रत्येकाने आपला तोळा निराळा धरला तर एकाच पत्रावर दोन दुकानांतून दोन मात्रा जातात.

वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक यांसारखी द्रव्ये ज्यांत आहेत त्या योगांच्या वेष्टनावर औषध व प्रसाधने नियम, १९४५ अन्वये वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. मराठी वाचणाऱ्या ग्राहकास ती तोंडी सांगावी. ज्यांना अशी सूचना लागू नाही, त्या योगांकडेही लक्ष हवे. लवणभास्कर चूर्ण वायूवर म्हणून सर्रास मागितले जाते आणि महिनोन्‌महिने जेवणानंतर घेतले जाते. त्यात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव ही लवणे आहेत, आणि त्यांचा वाटा लहान नाही. आचार्यांनी नित्य सेवनास मना केलेल्या तीन द्रव्यांपैकी एक ते हेच. ते मागणाऱ्या ग्राहकास रक्तदाबाची गोळी चालू आहे काय, पायावर सूज येते काय, एवढे विचारण्यास अर्धा मिनिट पुरतो. उत्तर होकारार्थी आले तर पुडी बांधण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे.